भिंत एक, घरमालक दोन

सोलापूरच्या उत्तर कसब्यात किंवा शुक्रवार पेठेत एखाद्या बोळात शिरले की एक घर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे बाहेरून सांगता येत नाही. दगडी भिंतीला भिंत लागलेली, माळवदाला माळवद भिडलेले. मूळचा एक मोठा वाडा, त्याच्या वाटण्या होऊन झालेले तीन, त्यातल्या एकाच्या जागी तीन मजली अपार्टमेंट, उरलेल्या दोघांत मिळून आठ-दहा बिऱ्हाडे. कुणी पन्नास वर्षांपासून राहतो, कुणी गेल्या दिवाळीत अकरा महिन्यांच्या करारावर आला. भिंत सगळ्यांची एकच. भाडे मात्र एकाचे दीडशे रुपये आणि पलीकडच्याचे सहा-सात हजार.

दोघांच्या भाड्यावर अंमल चालतो तो एकाच कायद्याचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मग इतका फरक कशाने पडतो? एकमेकांना चिकटलेल्या लहान इमारतींना हा कायदा कसा लागू होतो, हे पाहायचे तर आधी कायदा नेमके काय मोजतो ते समजून घ्यावे लागते.

इमारत मोजायची की खोली?

जगातले भाडे-कायदे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. न्यूयॉर्क शहरात इमारतीतली घरे मोजतात. तिथल्या भाडे-स्थिरीकरणाचे छत्र साधारणपणे १९७४ पूर्वी बांधलेल्या आणि सहा किंवा त्याहून जास्त घरे असलेल्या इमारतींवर आहे. साहजिकच तिथे एक जुना वाद उभा राहिला. शेजारी-शेजारी दोन इमारती आहेत, प्रत्येकीत तीन घरे, मालक एक आणि पाणी तापवण्याचा बॉयलरही एक. मालक म्हणतो, इमारती दोन आहेत, दोन्ही सहाच्या आत, कायदा लागू नाही. भाडेकरू म्हणतो, ही एकच सहा घरांची इमारत आहे, फक्त आडवी. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने साल्वाती विरुद्ध आयमिकी या खटल्यात कसोटी सांगितली: सोयी, मालकी, व्यवस्थापन आणि कारभार यांत पुरेसा एकजीवपणा दिसला तर त्या घरांना एक इमारत धरता येते. तेव्हापासून तिथले वकील नळाची जोडणी, छप्पर, प्रवेशद्वार आणि बॉयलर यांचे पुरावे गोळा करत बसतात.

दिल्लीचा १९५८ चा कायदा भाड्याची रक्कम मोजतो. १९८८ च्या दुरुस्तीनंतर महिना ३,५०० रुपयांहून जास्त भाडे असलेली जागा त्याच्या बाहेर गेली.

महाराष्ट्राच्या कायद्याने यांतला कुठलाच रस्ता धरला नाही. इथे ‘जागा’ म्हणजे स्वतंत्रपणे भाड्याने दिलेली इमारत किंवा इमारतीचा भाग. वाड्याच्या मागच्या अंगाची एक खोली जरी वेगळी भाड्याने दिलेली असली, तरी ती कायद्याच्या दृष्टीने पूर्ण जागा आहे. इमारतीत दोन बिऱ्हाडे आहेत की वीस, ती एकटी उभी आहे की तिघींच्या मध्ये दाबून बसली आहे, याने कायदा लागू होण्यात काही फरक पडत नाही. राहणे, शिक्षण, धंदा, व्यापार किंवा साठवण यांपैकी एका कारणासाठी जागा दिलेली हवी आणि ती कायद्याच्या अनुसूचीतल्या शहरात हवी. सोलापूर तसे शहर आहे.

म्हणून न्यूयॉर्कचा तो वाद सोलापूरच्या कोर्टात उभाच राहत नाही. दोन शेजारच्या वाड्यांना एक धरा नाहीतर दोन, प्रत्येक खोली आपापली संरक्षित. पण इमारत कायद्याच्या दारातून बाहेर ठेवली तरी ती दुरुस्ती, त्रास, वाटणी आणि पाडापाडी या खिडक्यांतून आत येते. सोलापूरसारख्या शहरात खरी गुंतागुंत तिथे सुरू होते.

गिरणी, महायुद्ध आणि गोठलेले भाडे

सोलापूरची जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ मध्ये सुरू झाली. मागोमाग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम मिल आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराच्या पूर्व भागात हातमाग खडखडू लागले. गिरण्यांनी काही चाळी बांधल्या, पण बहुतेक माणसे पेठांतल्या वाड्यांत सामावली. ज्यांच्याकडे मोठा वाडा होता त्यांनी पडव्या आणि ओसऱ्या बंद करून खोल्या काढल्या. भाडेकरूंसाठी म्हणून बांधलेल्या इमारती थोड्या. राहत्या घरातून खोली-खोली सुटून झालेली भाड्याची वस्ती मोठी.

भाडेनियंत्रण हे मुळात युद्धाचे अपत्य. १९१५ मध्ये ग्लासगो शहरात कामगार बायकांनी भाडे थकवून संप केला आणि ब्रिटिश सरकारला भाडी गोठवावी लागली. मुंबई इलाख्यात तसा पहिला कायदा १९१८ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ चा, पुढे १९४४ चा आणि शेवटी मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७. हा १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’, असा त्याचा गाभा. कायदा तात्पुरता होता, पण त्याची मुदत वाढतच गेली.

सोलापूरच्या माणसाला त्या काळात आणखी एक गंमत दिसत असे. तुळजापूर जेमतेम ४५ किलोमीटरवर, पण ते पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात. तिथे १९५४ चा हैदराबाद भाडे कायदा आणि वाद ऐकायला भाडे नियंत्रक. इकडे मुंबईचा कायदा आणि दिवाणी कोर्ट. विदर्भात तिसराच, मध्य प्रांत व वऱ्हाडचा कायदा. एका राज्यात तीन कायदे १९९९ च्या अधिनियमापर्यंत नांदले.

१९४० चे भाडे १९९० च्या दशकापर्यंत आले तेव्हा त्यात वाड्याच्या लाकडांना लावायचे तेलही येईना. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितले की, जी तरतूद सुरुवातीला वाजवी होती ती काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणार होती आणि नवा कायदा तयार होत होता, म्हणून न्यायालयाने तो तिथल्या तिथे रद्द केला नाही. १९९९ चा अधिनियम आला तो या पार्श्वभूमीवर.

दीडशे आणि सात हजार

नव्या कायद्याने १९४० ची तारीख सोडून १ ऑक्टोबर १९८७ ही तारीख धरली. पूर्वी कोर्टाने भाडे ठरवून दिलेले नसेल, तर त्या दिवशी जागा ज्या भाड्याने दिलेली होती ते मूळ धरायचे आणि त्याआधीपासूनच्या भाड्यावर ५ टक्के वाढवायचे. कायदा अमलात आल्यापासून दर वर्षी ४ टक्के वाढ मालक मागू शकतो.

समजा, मंगळवार पेठेतल्या एका खोलीचे भाडे १९८७ मध्ये ६० रुपये होते. ५ टक्के मिळवून ६३. त्यावर २५ वेळा ४ टक्के वाढ धरली तर सरळ हिशेबाने १२६ रुपये होतात आणि वाढीवर वाढ धरली तर साधारण १६८. अनेक मालकांनी ही वाढही वेळच्या वेळी मागितलेली नसते, कारण त्यासाठी नोटीस लिहायला वकिलाला द्यायचे पैसे वर्षाच्या वाढीहून जास्त.

आता भिंतीपलीकडचे अपार्टमेंट. १ ऑक्टोबर १९८७ नंतर नवीन बांधलेली इमारत, किंवा सलग एक वर्ष भाड्याने दिलीच नव्हती अशी जागा, यांना प्रमाण भाड्याच्या तरतुदी लागू नाहीत. तिथले भाडे बाजार ठरवतो. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाव असण्याचे कारण इमारतीच्या आकारात नाही, तारखेत आहे.

इथे एक गैरसमज घर करून बसला आहे. नव्या इमारतीला भाडे कायदाच लागत नाही, असे पुष्कळ मालक मानतात. प्रत्यक्षात सुटलेली आहे ती फक्त भाड्याची मर्यादा. तिथे खरोखरीचा भाडेकरू ठेवला असेल, तर त्याला बाहेर काढायला कायद्यातलीच कारणे लागतात. म्हणूनच मालक भाडेकरू ठेवत नाहीत, ‘लीव्ह अँड लायसन्स’ करतात. परवान्याची मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि अडवून बसलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येते. या परवान्यालाही एक जुनी तारीख चिकटलेली आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत होते, त्यांना त्या वेळच्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या धसक्याने अकरा महिन्यांच्या कराराची सवय पक्की झाली. करार अकरा महिन्यांचा असला तरी कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, जोवर उलटे सिद्ध होत नाही.

खाली बँक, वर बिऱ्हाड, मागे माग

इमारत एक असूनही तिच्या आत कायदा कसा बदलतो, याचा नमुना नवी पेठेसारख्या बाजारपेठेत पाहावा. तळमजला बँकेला दिलेला, वर दोन कुटुंबे. कलम ३ प्रमाणे बँका, सार्वजनिक उपक्रम, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचे संरक्षण नाही. सरकारी कंपन्याही यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये लीलाबाई पानसरे यांच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे त्याच इमारतीतली बँक करार संपताच नोटिशीने बाहेर काढता येते आणि वरच्या मजल्यावरच्या कुटुंबासाठी वर्षानुवर्षे दावा चालतो.

पूर्व भागात चित्र वेगळे. तिथे घर आणि कारखाना एकाच छपराखाली. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला आणि आवाजाबरोबर हादरेही आले. राहण्यासाठी घेतलेल्या खोलीत भाडेकरूने यंत्रमाग बसवला, तर मालकाच्या हाती दोन कारणे येतात. एक, ज्या कामासाठी जागा दिली त्याहून वेगळ्या कामासाठी ती वापरली. दुसरे, लगतच्या किंवा शेजारच्या रहिवाशाला उपद्रव दिला.

हे दुसरे कारण चिकटून उभ्या असलेल्या इमारतींसाठी महत्त्वाचे आहे. कायद्यात ‘त्याच इमारतीतला’ असे म्हटलेले नाही. शेजारी पलीकडच्या वाड्यातला असेल, त्याचा मालक निराळा असेल, तरी उपद्रव तो उपद्रवच. एरवी खोलीपुरते पाहणारा कायदा इथे भिंत ओलांडतो. पण त्या शेजाऱ्याला स्वतः या कायद्याखाली काही मागता येत नाही. मागवाल्याचा मालक हलला तर ठीक. नाहीतर शेजाऱ्याने साध्या दिवाणी दाव्याने किंवा महापालिकेकडे जाऊन दाद मागायची. भाडे कायदा मालक आणि त्याचा भाडेकरू यांच्यापुरता आहे.

गळके माळवद कोणाचे?

हीच अडचण पावसाळ्यात जास्त बोचते. सोलापूर भागातले जुने माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकून चोपले नाही तर मृगात ते गळणारच. दोन वाड्यांची माळवदे एका पातळीत असली की पलीकडचे पाणी अलीकडच्या भिंतीत मुरते.

कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणे मालकाचे काम. त्याने केले नाही, तर भाडेकरूने एकट्याने किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. वाचायला छान आहे. पण एका वर्षात वळती होणारी रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त असता कामा नये. आपल्या १६८ रुपयांच्या खोलीचे वर्षाचे भाडे २,०१६ रुपये. चौथा हिस्सा ५०४ रुपये. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही कशीबशी निघते. दहा बिऱ्हाडे एकत्र आली तरी पाच हजार.

आणि पाणी पलीकडच्या वाड्यातून येत असेल तर? आपला मालक पलीकडच्या माळवदावर चढू शकत नाही. पलीकडच्या मालकाशी भाडेकरूचा काही करार नाही. तिथे १८८२ चा सुविधाधिकार कायदा कामाला येतो. एका घराला दुसऱ्याच्या भिंतीचा आधार २० वर्षे अखंड, बिनतक्रार मिळाला असेल, तर तो आधार मिळत राहण्याचा हक्क तयार होतो. पेठांतल्या बहुतेक भिंतींनी ही वीस वर्षे केव्हाच पार केली आहेत. हा हक्क बजावायचा दावा मात्र सहसा मालकाने मालकावर लावायचा असतो आणि दीडशे रुपये भाडे मिळवणाऱ्या मालकाला त्यात फारसा रस नसतो.

सामायिक नळ, जिना आणि संडास यांचे मात्र कायद्याने बऱ्यापैकी निभावले आहे. पाणी, वीज, जिन्यातला आणि बोळातला दिवा, स्वच्छतेची सोय या ‘आवश्यक सेवा’. पुरेशा कारणावाचून मालकाने त्या तोडायच्या नाहीत. वाटणीनंतर पाण्याचा नळ एका भावाच्या हद्दीत गेला आणि भाडेकरू दुसऱ्याच्या हद्दीत राहिले की हे कलम हमखास उघडले जाते. सोलापुरात नळाला रोज पाणी नसणे नेहमीचे, त्यामुळे आधीच कमी असलेल्या पाण्यावरून भांडण पेटायला वेळ लागत नाही.

वाटणीची भिंत

वाड्याची वाटणी झाली म्हणजे कागदावर एका मिळकतीच्या दोन मिळकती होतात. सिटी सर्व्हेचे उतारे वेगळे, घरपट्टी वेगळी, मध्ये नवी भिंत. पण आधीपासूनचा भाडेकरू? त्याची पुढची खोली थोरल्याकडे गेली, मागची धाकट्याकडे आणि भाडेपावती आजपर्यंत वडिलांच्या नावाने एकच.

मोहरसिंग विरुद्ध देवीचरण या १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा पेच सोडवला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे भाड्याने दिलेल्या मिळकतीचा एक भाग दुसऱ्याच्या मालकीचा झाला, तर त्या भागापुरता तो स्वतंत्र मालक बनतो आणि स्वतःच्या भागासाठी ताबा मागू शकतो. भाडेकरूच्या संमतीची त्याला गरज नाही. भावांनी भिंत घातली की भाडेकरूला दोन मालक लाभू शकतात आणि एकाने दावा जिंकला तर पुढची खोली राहून मागची जाऊ शकते.

म्हणून अशा वेळी जुनी भाडेपावती सोन्याच्या मोलाची ठरते. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. कोणती खोली, कोणत्या कामासाठी, किती भाडे आणि कोणाकडून, या चार गोष्टी तिच्यावर असतात. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेपट्टा जातो. तेव्हाही तीच पावती बाहेर निघते.

मालकाची गरज आणि शेजारचे घर

मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर ती गरज वाजवी आणि प्रामाणिक असल्याचे दाखवावे लागते. तेवढ्याने भागत नाही. ताबा दिल्याने कोणाला जास्त हाल सोसावे लागतील, हेही कोर्ट तोलते आणि मालकाकडे किंवा भाडेकरूकडे दुसरी सोयीची जागा आहे का, ते पाहते. इथे शेजारची इमारत पुन्हा साक्षीदार म्हणून उभी राहते. मालकाचा लगतचाच वाडा रिकामा असेल तर ‘मुलाच्या संसारासाठी खोली हवी’ हे म्हणणे पातळ होते. उलट दोन्ही घरे मिळून कुटुंब मोठे झाले असेल आणि मधली एकच खोली अडलेली असेल, तर शेजारीपणच मालकाच्या बाजूने बोलते. अर्धी जागा देऊन भागत असेल तर कोर्ट तेवढ्याचाच हुकूम करू शकते. ताबा मिळाल्यावर मालक महिन्याभरात राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर भाडेकरूला ती परत मागता येते.

भाडे थकले म्हणून लगेच बाहेर काढता येत नाही. मालकाने आधी लेखी मागणी करायची, ९० दिवस थांबायचे. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के व्याजासह भरली तर त्याची जागा वाचते. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. लघुवाद न्यायालय नसलेल्या गावी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे.

कुलूप लावलेल्या खोल्या

गेल्या दोन दशकांत सोलापूरच्या भाडेकरूंसाठी एक वेगळीच वाट उघडली. शहरालगत कुंभारीत गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचा लोकार्पण सोहळा झाला. त्यामागे नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखालची वर्षानुवर्षांची चळवळ होती. त्यानंतर रे नगर आले. तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, हातगाडीवाले, ज्यांचा उंबरठा आयुष्यभर दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्यांच्या नावावर घर झाले.

आणि पेठेतली जुनी खोली? अशा वेळी ती सहसा लगेच सोडली जात नाही. खोलीला कुलूप, आत एक कपाट आणि दोन पातेली. कामाच्या ठिकाणाजवळ हातचा आसरा हवा म्हणून, मुलाच्या शाळेसाठी म्हणून, पुढेमागे वाडा पडला तर काही मिळेल म्हणूनही. कायद्यात याला उत्तर आहे. दावा लावण्याच्या आधीचे सलग सहा महिने जागा योग्य कारणाशिवाय वापरात नसेल, तर ताबा मागता येतो. मग कोर्टात वीजबिले येतात, रेशनकार्डे येतात आणि लगतच्या घरातले शेजारी साक्षीला येतात. भिंत सामायिक असली की खोलीत दिवा लागतो की नाही, हे पलीकडच्याला मालकाहून आधी कळते.

एक पाडायचा, एक उभा

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे लगतच्या दोन वाड्यांपैकी एक पडायला येणे. महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली आयुक्त धोकादायक बांधकाम दुरुस्त करायला, रिकामे करायला किंवा पाडायला सांगू शकतात. धोक्याप्रमाणे प्रतवारी असते: ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. प्रतवारी इमारतीला मिळते. पण सी-१ ठरलेल्या वाड्याच्या भिंतीवर शेजारच्या वाड्याच्या तुळया टेकलेल्या असतील तर? पाडणाऱ्याला अर्धी भिंत ठेवून टेकू द्यावा लागतो, नाहीतर पलीकडच्या भाडेकरूंच्या डोक्यावरचे छप्पर जाते.

मुंबईच्या जुन्या शहरात यासाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि पुढे ते म्हाडाचा भाग झाले. तिथल्या जुन्या इमारती उपकर भरतात, त्या बदल्यात मंडळ दुरुस्ती करते. १९८६ मध्ये म्हाडाच्या कायद्यात भर घालून ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत घेण्याची वाट ठेवली गेली. त्यावरचा घटनात्मक वाद नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत पोहोचून ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. ही सगळी व्यवस्था मुंबई बेटापुरती. सोलापूरच्या वाड्याला ना उपकर, ना मंडळ. तिथे मालक, भाडेकरू आणि महापालिका एवढेच तिघे.

वाडा पडला की भाडेकरूचा हक्कही मातीत गेला, अशी मालकांची जुनी समजूत. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या महाराष्ट्रातल्याच खटल्यात ती खोडून काढली. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेपट्टा संपत नाही. इमारत नसली तरी जमीन आहे आणि भाडेकरूचा त्यातला हितसंबंध टिकतो. मालकाला स्वतःहून पाडून नवी बांधायची असेल तर त्याच्याकडे पैसा आहे, नकाशे मंजूर आहेत आणि जुन्या भाडेकरूंची सोय नव्या इमारतीत आहे, हे कोर्टाला पटावे लागते.

लहान इमारतींचे गणित इथेच अडते. तीन-चार गुंठ्यांपेक्षाही लहान, लांबट तुकडा. दोन्ही बाजूंना चिकटलेली घरे. पुढे जेमतेम गाडी जाईल एवढा रस्ता. त्यात सामासिक अंतर सोडून, वाहनतळ देऊन, आठ भाडेकरूंना जागा देऊन विकायला काही उरतच नाही. बिल्डर म्हणतो, शेजारचाही द्या. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली सोलापूरलाही लागू आहे आणि लगतचे भूखंड एकत्र करून पुनर्विकास करणे हाच अनेक पेठांत परवडणारा मार्ग. पण तेव्हा दोन मालकांची संमती लागते, त्यातल्या एकाच्या वाटणीचा दावा कोर्टात असतो आणि भाडेकरूंचे दोन गट: एका वाड्यातले १९८७ पूर्वीचे, दुसऱ्यातले निम्मे परवान्यावरचे. परवानाधारकाला नव्या इमारतीत हक्काची जागा नाही, भाडेकरूला आहे.

पाडण्याआधी महापालिकेने करायच्या कामांत एक काम बिनमहत्त्वाचे दिसणारे असते: कोणत्या खोलीत कोण राहतो आणि तिचे चटई क्षेत्र किती, याची यादी. मोजणीला आलेला कर्मचारी फीत धरतो ती भिंतीच्या आतल्या अंगापासून. दोन वाड्यांमधली दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत त्या मापात कोणाच्याच वाट्याला येत नाही. सामायिक जिना आणि चौकही येत नाही. पण पडवी बंद करून घेतली होती का, ती भाडेपावतीवर आहे का, मागची न्हाणी याच बिऱ्हाडाची की दोघांत मिळून, हे त्या दुपारी लिहिले जाते त्याप्रमाणे पुढे नव्या इमारतीतले चौरस फूट ठरतात. यादीत नाव किंवा माप चुकले असेल तर हरकत तेव्हाच लेखी नोंदवावी लागते, आणि सोबत जोडायला भाडेपावत्या, जुने वीजबिल, मतदार यादीचा उतारा आणि असल्यास वाटणीपत्राची नक्कल लागते.